उभ्या उभ्या झिजणाऱ्या गाड्यांबद्दल महापालिका आयुक्त आणि जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील सर्व महापालिका आयुक्त, नगरपरिषदांचे मुख्याधिकारी आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष या नात्याने सर्व जिल्हाधिकारी यांस

विषय : फिरते नियंत्रण कक्ष, आगीचे बंब, शिडीच्या गाड्या व इतर विशेष वाहनांची देखभाल

सप्रेम नमस्कार.

मी एका महापालिकेच्या वाहन कार्यशाळेत फिटर म्हणून लागलो आणि फोरमन म्हणून निवृत्त झालो. घंटागाड्या, टँकर, शववाहिन्या, जेसीबी, बंब, शिडीच्या गाड्या असं सगळं हाताखालून गेलं. नोकरीच्या शेवटच्या काळात फिरत्या नियंत्रण कक्षाची गाडी आली, जिला सगळे ‘कमांड व्हॅन’ म्हणतात. निवृत्तीनंतरही जुने सहकारी अधूनमधून फोन करतात, ‘जरा बघून जाता का’ म्हणून बोलावतात. मी जातो आणि जे बघतो त्यानं अस्वस्थ होऊन परत येतो.

मागणी आधीच सांगतो, कारण जाड फाईलचं शेवटचं पान कोणी उघडत नाही हे मला ठाऊक आहे. या गाड्यांची देखभाल किलोमीटरवर ठरवणं बंद करा. ती इंजिनाच्या तासांवर आणि कॅलेंडरवर ठरवा, आणि तसा लेखी आदेश काढा. खाली जे लिहिलंय ते सगळं या एका आदेशासाठी.

घंटागाडी चालून झिजते. 108 ची रुग्णवाहिकाही चालून झिजते. 2014 मध्ये 937 गाड्यांनिशी ती सेवा सुरू झाली तेव्हापासून त्या गाड्यांना उसंत म्हणून नाही. अशा गाडीला ठरावीक किलोमीटरला ऑइल, ठरावीक किलोमीटरला ब्रेक लायनर हा हिशेब चोख बसतो. कमांड व्हॅनचं सगळंच उलटं. गणपती विसर्जन, एखादी मोठी सभा, पुराचे चार दिवस, 14 एप्रिलच्या अग्निशमन सेवा दिनाची मांडणी, एवढ्यासाठी ती बाहेर पडते. उरलेलं वर्ष पत्र्याच्या शेडखाली, आणि शेड नसेल तर मुख्यालयाच्या मागच्या भिंतीला लागून उभी. मीटरवर वर्षाला हजार-दीड हजार किलोमीटर पडतात. दहा हजार किलोमीटरला सर्व्हिसिंग असा नियम लावला तर तिची पहिली सर्व्हिसिंग सात ते दहा वर्षांनी येते. कागदावर सगळं नियमात असतं आणि इंजिनातलं ऑइल तोवर डांबरासारखं झालेलं असतं.

बंबाची गोष्ट याहून फसवी. आगीची वर्दी येते, बंब चार किलोमीटरवर जातो आणि पीटीओ, म्हणजे इंजिनाची ताकद पंपाला देणारा जोड, लावून सहा तास पंप चालवतो. परत आल्यावर लॉगबुकात काय चढतं? आठ किलोमीटर. इंजिन मात्र सहा तास सलग ओझ्याखाली राबलेलं असतं. अमेरिकेतली फोर्ड कंपनी तिच्या पोलीस गाड्यांसाठी असा हिशेब धरते की इंजिन एक तास जागेवर चालू राहिलं तर ते साधारण 33 मैल, म्हणजे 53 किलोमीटर चालल्यासारखंच आहे. तेही नुसतं जागेवर गुरगुरत असताना. पंपाचं ओझं वेगळंच. नुसत्या त्या हिशेबानंही आठ किलोमीटरच्या त्या वर्दीचे तीनशेवर किलोमीटर होतात. तास मोजणारं मीटर, ज्याला आम्ही अवरमीटर म्हणतो, ते बहुतेक बंबांवर आणि प्रत्येक जनरेटरवर बसवलेलंच असतं. त्याचा आकडा वाचून वहीत लिहायला माणूस नसतो, इतकंच.

आता तो विषय, ज्याच्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला बसलो. आपल्याकडे प्रत्येक गाडीचं ‘ॲव्हरेज’ काढतात. महिन्याला किती लिटर डिझेल, किती किलोमीटर, भागाकार करा, कमी आलं तर चालकाला मेमो. टँकरला हे ठीक आहे, त्यानं डिझेलचोरी पकडली जाते, मीही पकडली आहे. पण कमांड व्हॅनचा चालक जर शहाणपणानं दर आठवड्याला इंजिन तापवेल, जनरेटर तासभर चालवेल, एसी लावेल, तर महिन्याअखेर त्याच्या नावावर पन्नास-साठ लिटर डिझेल आणि शून्य किलोमीटर दिसणार. लेखापरीक्षणात आक्षेप येणार तो त्याच्यावरच. म्हणून तो काहीच चालू करत नाही. गाडी जितकी मेलेली तितका त्याचा कागद स्वच्छ. दोष त्याचा नाही. तुमची पद्धत त्याला गाडी मरू देण्याचंच बक्षीस देते. विशेष वाहनांसाठी डिझेलची नोंद लिटर-प्रति-तास अशी वेगळी करा, जनरेटरच्या टाकीची नोंद इंजिनापासून वेगळी ठेवा आणि चाचणीसाठी महिन्याला अमुक लिटर मंजूर असं आदेशातच लिहा. या एका ओळीनं जेवढ्या गाड्या जिवंत राहतील तेवढ्या नवीन खरेदीनं राहणार नाहीत.

जिथे चाचणी होते तिथे ती कशी होते हेही सांगतो. सोमवारी सकाळी चालक येतो, जनरेटरचं बटण दाबतो, धडधड ऐकू आली की पाच मिनिटांत बंद करतो आणि वहीत ‘ओके’ लिहितो. या पाच मिनिटांनी फायदा काहीच नाही, उलट नुकसान आहे. डिझेल इंजिनाला तापायलाच वेळ लागतो, आणि ओझं नसताना चालवलं तर डिझेल पुरतं जळत नाही. न जळलेलं इंधन आणि काजळी मिळून सायलेन्सरमध्ये, व्हॉल्व्हवर काळा चिकट थर बसतो. जनरेटर बंद केल्यावर धुराड्याच्या तोंडाशी बोट फिरवून बघा. ओलसर काळं तेल लागलं तर समजा की हे वर्षानुवर्षं उपाशी चालवलंय. त्यात आपल्याकडे खरेदी करताना ‘पुढे लागेल’ म्हणून गरजेच्या दुप्पट क्षमतेचा जनरेटर घ्यायची खोड आहे, त्यामुळे व्हॅनमधलं सगळं सुरू केलं तरी तो अर्धवट ओझ्यावरच राहतो. आणीबाणीच्या जनरेटरसाठीचं अमेरिकन मानक सांगतं की महिन्यातून एकदा किमान अर्धा तास आणि किमान 30 टक्के ओझ्यावर चालवा. मी म्हणतो, एक तास चालवा आणि व्हॅनमधला एसी, स्क्रीन, मास्टवरचे म्हणजे वर-खाली होणाऱ्या खांबावरचे दिवे सगळं लावून चालवा. ओझं कमी पडत असेल तर बाहेरून हॅलोजनचे दिवे जोडा.

पाच मिनिटांची चाचणी काय लपवते याचं एक उदाहरण. जिल्ह्याचं नाव घेत नाही. नदीला पूर, व्हॅन उंचावर एका शाळेच्या पटांगणात उभी केलेली, वायरलेस सुरू, पडद्यावर ड्रोनचं चित्र येतंय, सगळे अधिकारी आत. वीस-पंचवीस मिनिटं झाली की जनरेटर धापा टाकून बंद पडायचा. दहा मिनिटं थांबलं की परत सुरू व्हायचा, पुन्हा तेवढाच वेळ चालायचा. फिल्टर बदलला, पाइपातली हवा काढली, तरी तेच. मग टाकीचं झाकण उघडलं तेव्हा ‘सुस्स’ असा आवाज करत हवा आत ओढली गेली आणि उलगडा झाला. टाकीला हवा घेण्यासाठी जी बारीक नळी असते तिच्या तोंडात कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं. डिझेल खाली उपसलं जातंय, वरून हवा येत नाही, टाकीत पोकळी होतेय, पंपाला डिझेल ओढवत नाही. एका तारेच्या तुकड्यानं नळी मोकळी केली आणि जनरेटर रात्रभर चालला. त्या गाडीच्या वहीत मागचे कित्येक आठवडे ‘ओके’ होतं, आणि खोटंही नव्हतं. पाच मिनिटं तो खरंच ओके चालत होता.

उभ्या गाडीत वस्ती होते, हे शहरी अधिकाऱ्यांच्या लवकर लक्षात येत नाही. पावसाळा लागला की उंदीर बॉनेटमध्ये ऊब शोधतात आणि वायरीचं आवरण कुरतडतात. वायरिंगच्या प्रत्येक भोकाला रबर आणि जाळी लागते, आणि आत कोणी डबा खाल्ला तर शितं झाडून काढावी लागतात. चहाच्या कपांचा ढीग दोन महिन्यांनी कमांड व्हॅनच्या टेबलाखाली सापडलेला मी पाहिला आहे.

बॅटरीबद्दल थोडक्यात. 12 व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर मल्टिमीटरवर 12.6 च्या आसपास दाखवते. 12.4 च्या खाली ती फार दिवस राहिली की आतल्या शिशाच्या प्लेटांवर पांढरा थर कडक होतो आणि मग कितीही चार्ज करा, ती जीव धरत नाही. व्हॅन बंद असली तरी घड्याळ, ट्रॅकर, वायरलेसचा सेट थोडा थोडा करंट ओढत राहतात. उपाय महागडा नाही: शेडमध्ये एक 230 व्होल्टचा प्लग आणि गाडीवर चांगला चार्जर, चोवीस तास जोडलेला. बऱ्याच व्हॅनना ही बाहेरून वीज घ्यायची सोय कारखान्यातूनच असते. शेडमध्ये प्लग नसतो. प्लग बसवणं विद्युत विभागाचं काम, गाडी वाहन विभागाची, शेड बांधकाम विभागाची, आणि या तिघांचं एका टेबलावर बसणं म्हणजे सर्वपक्षीय बैठक. आयुक्त साहेबांनी एकदा फोन केला तर आठवड्यात होईल.

तीच गोष्ट हवेची. मोठ्या गाड्यांचे ब्रेक हवेवर चालतात. टाकीत हवेचा दाब नसेल तर पार्किंगचा ब्रेक सुटतच नाही, तसंच बांधलेलं आहे ते, सुरक्षेसाठी. एखाद्या सांध्यातून रात्रभर हवा गळली तर सकाळी वर्दी आल्यावर इंजिन सुरू करून दाब भरेपर्यंत बंब जागचा हलत नाही. ती काही मिनिटं स्टेशन ऑफिसरला युगासारखी वाटतात. जिथे शिस्त आहे अशा केंद्रांत बंबाला भिंतीवरच्या छोट्या कॉम्प्रेसरची नळी कायम जोडलेली असते. आणि हवेच्या टाक्यांच्या तळाचे नळ उघडून पाणी सोडायचं काम, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, पावसाळ्यात रोजचं आहे. हवेतली बाष्पं टाकीत पाणी होऊन साचतात, पुढे व्हॉल्व्ह गंजवतात. एक मिनिटाचं काम आहे. नळाच्या तोंडाला सुकलेला चिखल दिसला की तो कधीपासून उघडलेला नाही हे न विचारता कळतं.

टायरच्या बाजूच्या भिंतीवर चार आकडे छापलेले असतात. ‘2318’ असेल तर तो टायर 2018 सालच्या 23 व्या आठवड्यात तयार झाला. पुढच्या वेळी तुमच्या आवारातल्या बंबापाशी थांबा आणि वाकून वाचा. नक्षी नव्यासारखी दिसेल, कारण गाडी फिरलेलीच नाही, पण रबर म्हातारं झालेलं असतं. नखानं दाबलं तर बारीक भेगा उघडतात. अग्निशमन वाहनांच्या देखभालीचं एनएफपीए या अमेरिकन संस्थेचं मानक सांगतं की नक्षी कितीही शिल्लक असली तरी सात वर्षांनी टायर बदला. आपल्याकडे ‘नक्षी शिल्लक असताना टायर का बदलले?’ असा आक्षेप येतो. हे लक्षात घ्या की पाण्यानं भरलेला बंब किंवा सामानानं गच्च कमांड व्हॅन उभी असतानाही पुऱ्या वजनाखाली असते. रिकामा ट्रक उभा राहिला तर पाटे विसावतात, यांना विसावा नाही. चार-चार महिने एकाच जागी उभ्या गाडीचे टायर खालून चपटे होतात. निदान पंधरा दिवसांतून एकदा दहा-पंधरा किलोमीटरची फेरी मारू द्या. ब्रेक साफ होतात, बॅटरी भरते, आणि चालकाच्या हाताला गाडीचं वळण राहतं, जे गल्लीबोळातून नेताना लागतं.

नव्या गाड्यांनी एक नवंच दुखणं आणलंय. 1 एप्रिल 2020 पासून आपल्याकडे बीएस-6 हे गाड्यांच्या धुराचे कडक नियम आले. हवा स्वच्छ राहावी म्हणून डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी धरून ठेवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, बसवतात. त्यात साठलेली काजळी जाळायला साडेपाचशे-सहाशे अंशांची उष्णता लागते आणि ती हायवेवर धावणाऱ्या ट्रकला सहज मिळते. जागेवर गुरगुरणाऱ्या किंवा शेडमधून मैदानापर्यंतच जाणाऱ्या गाडीला मिळत नाही. फिल्टर भरत जातो, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. चालकाला तो दिवा कशाचा हेच सांगितलेलं नसतं, तो दुर्लक्ष करतो, आणि एक दिवस गाडी स्वतःच इंजिनाची ताकद कापून टाकते. घाटात असं झालं तर? शिवाय ज्या गाड्यांना धूर साफ करण्यासाठी युरियाची टाकी आहे तिथला युरिया आपल्या उन्हाळ्यात वर्षभराच्या आत खराब होतो आणि नळीत पांढरे खडे धरतो. म्हणजे रोज चालणाऱ्या ट्रकला जो प्रश्न कधी पडत नाही, तो आपल्या उभ्या गाड्यांना हमखास पडणार. बीएस-6 गाडी ताब्यात घेताना कंपनीच्या माणसाकडून चालक आणि फिटर दोघांना निदान दोन दिवसांचं प्रशिक्षण घ्या. गाडी उभी असताना फिल्टर जाळून साफ करायचं बटण कुठे आहे आणि ते दाबताना गाडी वाळल्या गवतावर उभी का करायची नाही, एवढं जरी शिकवलं तरी बरंच झालं. धुराडं त्या वेळी इतकं तापतं की खालचं गवत पेटेल, आणि मग बंब विझवायला दुसरा बंब बोलवावा लागेल.

कमांड व्हॅनचा सगळ्यात मोठा रोग मात्र यांत्रिक नाहीच. ती एक गाडी नसते. चॅसिस एका कंपनीची, बॉडी दुसऱ्याची, जनरेटर तिसऱ्याचा, छतावरचा एसी चौथ्याचा, मास्ट पाचव्याचा, वायरलेस, कॅमेरे, नेटवर्क आणखी कोणाकोणाचं. बिघाड झाला की प्रत्येक जण येतो, आपल्या पेटीचं झाकण उघडतो आणि ‘आमचं ठीक आहे’ म्हणून जातो. चॅसिसवाला म्हणतो, मूळ वायरिंगला जोड दिलाय, वॉरंटी गेली. जोड देणारा बॉडीवाला म्हणतो, असं निविदेतच होतं. मी एका गाडीच्या चालकाच्या आसनामागे फ्यूजची तीन वेगवेगळी खोकी मोजली. एकावरही नाव नाही. कुठल्या फ्यूजनं काय बंद होतं हे शोधायला आम्ही एकेक काढून आतल्या माणसाला ओरडून विचारत होतो. म्हणून पुढची खरेदी करताना निविदेत एक अट घाला: पुरवठादार एकच जबाबदार, संपूर्ण गाडीचा वार्षिक देखभाल करार किमान पाच वर्षांचा आणि तो खरेदीच्या किमतीतच धरलेला, गाडी जशी प्रत्यक्षात बांधली तशी वायरिंगची नकाशाप्रत, आणि प्रत्येक फ्यूजवर मराठीत पट्टी. हे न देता शेवटचं बिल निघणार नाही, असंही लिहा. बिल अडलं की नकाशे कसे झटपट येतात ते मी पाहिलंय.

आतल्या यंत्रणेबद्दल माझा अभ्यास कमी, पण जेवढं दिसलं तेवढं सांगतो. 90 दिवस न वापरलेलं आणि पैसे संपलेलं प्रीपेड सिम कंपनी बंद करू शकते. व्हॅनच्या राउटरमधलं सिम कुणाच्या नावावर, त्याचं रिचार्ज कोण करतं, हे विचारा. उत्तर मिळेपर्यंत दुपार होईल. सहा महिने बंद असलेला संगणक सुरू केला की तो आधी स्वतःची सगळी अपडेट उतरवत बसतो, आणि नेमकी तीच वेळ पुराची असते. वॉकी-टॉकीच्या बॅटऱ्या चार्जरवर ठेवूनही वर्षा-दोन वर्षांत थकतात. हातात घेऊन दोन तास बोलून बघितल्याशिवाय ते कळत नाही. छतावर केबल जिथून आत येते तिथलं सीलंट उन्हानं तडकतं. मे महिन्यात गाडी धुवायच्या पाइपनं छतावर पंधरा मिनिटं पाणी मारा आणि आत बसून वर बघा. पहिला थेंब बहुधा सगळ्यात महाग यंत्रावर पडतो.

मास्टबद्दल मात्र गंमत नको. हवेच्या दाबानं वर जाणारा दहा-बारा मीटरचा खांब, त्यावर दिवे, कॅमेरा, अँटेना. त्याच्या रबरी कड्या सुकल्या की तो अर्ध्यात अडकतो, किंवा हळूहळू खाली बसतो. वर उच्चदाबाची तार असेल तर तो खांब गाडीसकट वीजवाहक होतो आणि पायरीवर पाय ठेवणारा माणूस दगावतो. मास्ट वर नेण्याआधी एका माणसानं खाली उतरून वर बघायचं, हा नियम गाडीच्या दाराच्या आतल्या बाजूला लाल अक्षरांत हवा. जनरेटरचं अर्थिंग आणि गळती पकडणारा ब्रेकर हेही तसंच. त्या ब्रेकरवर ‘टेस्ट’ असं लिहिलेलं छोटं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबा. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीत माणसं वाचतात ती त्या ब्रेकरमुळे. उंच शिड्यांच्या गाड्यांना तर दरवर्षी जाणकाराकडून ओझ्याची चाचणी हवीच. मुंबईत 90 मीटरपर्यंत जाणारी शिडीची गाडी आहे. त्या उंचीवर टोपलीत उभ्या असलेल्या जवानाचा जीव एका हायड्रॉलिक होजच्या वयावर अवलंबून असतो.

विमा, पीयूसी, फिटनेस, आणि हो, गाडीतल्याच अग्निशामक सिलिंडरची मुदत, हे सगळं तारखांचं काम आहे. फळ्यावर लिहून लावा.

आता माणूस. प्रत्येक विशेष वाहनाला एक नावानिशी जबाबदार माणूस आणि त्याचा एक बदली माणूस द्या, निदान दोन वर्षं न हलवता. आज कंत्राटी चालक चार महिन्यांत बदलतो, नवा येतो त्याला मास्टचं बटणही माहीत नसतं. बंबाचा यंत्रचालक आवाजावरून पंपाचा बेअरिंग ओळखतो, कारण तो त्याच पंपाशी वर्षानुवर्षं राहिलेला असतो. अशा माणसाला ‘ही गाडी आज रस्त्यावर जाणार नाही’ असं लिहून द्यायचा अधिकारही द्या, आणि त्यानं तसं लिहिलं म्हणून त्याची बदली होणार नाही याची खात्रीही. त्याच्या हाती स्थायी अग्रिमातून, म्हणजे किरकोळ खर्चासाठी आगाऊ दिलेल्या पैशातून, थोडी रक्कमही हवी. चाळीस रुपयांच्या फ्यूजसाठी टिपणी, तीन दरपत्रकं आणि दोन सह्या लागत असतील तर तो फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा घालतो. असे तुकडे मी काढून फेकले आहेत. गाडी पेटते ती तिथूनच.

पैशाचं म्हणाल तर माझ्या अंदाजानं गाडीच्या किमतीच्या चार-पाच टक्के रक्कम दरवर्षी देखभालीसाठी वेगळ्या लेखाशीर्षाखाली ठेवली तर बहुतेक सगळं भागतं. दोन कोटींच्या गाडीला आठ-दहा लाख. ही रक्कम मोठी वाटते, कारण खरेदीच्या बातमीला फोटो असतो, हिरवा झेंडा असतो, नारळ असतो. टायर बदलल्याचा फोटो कोणी छापत नाही. पण 1 एप्रिल 2023 पासून सरकारी मालकीच्या 15 वर्षांवरच्या वाहनांच्या नोंदणीचं नूतनीकरण बंद झालंय. संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेसाठीची विशेष वाहनं तेवढी वगळली आहेत. म्हणजे बाकीच्या गाडीकडे उणीपुरी पंधरा वर्षं आहेत. त्यातली पाच जर ती ‘दुरुस्तीस पाठवली आहे’ या शेऱ्याखाली काढणार असेल तर दोन कोटींची गाडी तुम्ही तीन कोटींना घेतली.

आणखी एक. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या 2027 च्या सिंहस्थासाठी राज्यभरातून विशेष वाहनं जमतील, नवीही घेतली जातील. महिना-दोन महिने ती रात्रंदिवस राबतील, म्हणजे तासांच्या हिशेबानं वर्षभराचं काम करतील. पर्वणी संपली की त्या कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या शेडमध्ये, कुणाच्या ताब्यात जाणार हे खरेदीच्या फाईलमध्येच लिहिलेलं असावं, आणि जाण्याआधी प्रत्येकीचं ऑइल, फिल्टर, ब्रेक, मास्ट तपासून मगच हस्तांतर व्हावं. वारीला दरवर्षी जाणाऱ्या गाड्या बऱ्या अवस्थेत असतात असं माझं निरीक्षण आहे, कारण आषाढी कोणाला पुढे ढकलता येत नाही आणि त्याआधी सगळं तपासावंच लागतं. तसं वर्षाचं वेळापत्रक प्रत्येक गाडीला बांधून द्या. एक तपासणी मेमध्ये, पावसाआधी. दुसरी दसऱ्याला, पावसानं केलेलं नुकसान बघायला. खंडेनवमीला कार्यशाळेत अवजारांची पूजा होतेच, झेंडूच्या माळेआधी बॉनेट उघडलं जावं इतकंच.

शेवटी एक विनंती आहे, तिला खर्च नाही. येत्या मान्सूनपूर्व आढावा बैठकीत ‘सर्व वाहने सुस्थितीत’ हे वाक्य वाचलं गेलं की तिथेच थांबा. घड्याळ बघा आणि कमांड व्हॅन बैठकीच्या इमारतीच्या दारात आणायला सांगा, आगाऊ कल्पना न देता. ती किती वेळात आली ते लिहून घ्या. मास्ट वर करायला लावा, जनरेटरवर सगळं चालू करायला लावा, तहसीलदारांशी वायरलेसवर बोला, आणि उरलेली बैठक त्या व्हॅनमध्येच घ्या, चार तास, एसी लावून, चहासकट. दर अर्ध्या तासानं जनरेटरच्या तापमानाचा काटा कोणीतरी वाचून दाखवावा. मध्येच काही बंद पडलं तर चालकावर ओरडू नका. त्याला विचारा की हे कधीपासून आहे. त्याला माहीत असतं. त्यानं बहुधा लिहूनही दिलेलं असतं, आणि ते पत्र तुमच्याच कार्यालयाच्या आवक नोंदवहीत सापडेल.

कळावे,

आपला,
महापालिका वाहन कार्यशाळेचा एक निवृत्त फोरमन